शैलेशला शाल घालण्याआधी

...आणि शालीचं मी तेव्हाच बोललो होतो. फोनवर बोललो, ग्रुपवर लिहिलं, तरी शाल आणलीच तुम्ही. सव्वीस वर्षांच्या पोराला शाल! सन्माननीय अध्यक्ष गुरुदत्तशेठ, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि मान्यवर, शैलेशची आई म्हणजे आमची मैना आत्या, सत्कारमूर्ती शैलेश, आणि समोर खुर्च्यांवर नि मागे दाराशी उभे असलेले सगळे खेळाडू मित्र, सर्वांना माझा नमस्कार. नमस्काराच्या आधी भांडण आलं, त्याला इलाज नाही. ते समारंभाच्या आधीपासूनच चालू आहे.

मी प्रितेश, शैलेशचा मामेभाऊ. आठवीत शाळेने मला सोडलं आणि मी शाळेला. जासईच्या कंटेनर यार्डात होतो, तिथे मन लागलं नाही. मुंद्र्याला गेलो, तिथेही नाही. आता ओमानला सोहारच्या बंदरात आहे, आणि इथलंही फार दिवस खरं नाही. म्हणून भाषण लिहून पाठवतोय. वाचतेय समृद्धी, शैलेशची धाकटी बहीण. एक ओळही गाळायची नाही अशी तिला ताकीद आहे. अडचणीची जागा आली की ती खोकते. तेव्हा खोकला ऐकलात की समजा, तिथे काहीतरी लिहिलेलं होतं.

निमंत्रणपत्रिका मला मोबाईलवर आली. त्यावर छापलंय, 'दुबळ्यांचा कैवारी शैलेश याचा निरोप समारंभ'. कसला कैवारी? कोणाचा निरोप? जाणार कुठे आहे तो? सुकापूरला राहतो, सुकापूरलाच राहणार आहे.

वडीलधाऱ्यांना शैलेश सोडायला निघालाय तो व्हिडिओ गेम माहीत नसेल, म्हणून सांगतो. पडद्यावर दोघांची मारामारी असते. कोण होऊन लढायचं ते आपण निवडायचं. काही तगडे असतात, काही मरतुकडे. सगळी दुनिया तगडे घेते आणि शैलेश घेतो छत्रीवाला. वाकलेला म्हातारा, हातात मिटलेली छत्री, चाल मंद, हात आखूड, चार फटक्यांत आडवा. आत्याने पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, "अरं, याला घरात कुनी जेवाया घालतं का नाय?"

तर हा छत्रीवाला घेऊन शैलेश ठाण्यात जिंकला, पुण्यात जिंकला, बंगळूरच्या पोरांना त्याने रडवलं. लोक म्हणायला लागले, काय मोठ्या मनाचा मुलगा, गरीब बिचाऱ्या पात्राला न्याय दिला! पेपरात पण तसंच आलं. मी शेजारी बसून वाढलोय त्याच्या. मोठं मन वगैरे काही नव्हतं. उरण नाक्याजवळच्या गेम पार्लरमध्ये बटणं दाबून खेळायची दोन पॅड होती. चांगलं पॅड मला मिळायचं, कारण शाळेत न जाणारा माणूस आधी पोचतो. शैलेशच्या वाट्याला दुसरं यायचं. त्याचं खाली दाबायचं बटण मेलेलं. तगड्यांचे सगळे मोठे फटके खाली दाबूनच निघतात. छत्रीवाल्याला मात्र पुढे-मागे एवढंच पुरतं. म्हणून छत्रीवाला. झाला तुमचा न्याय!

पुढे पॅड बदललं, पण त्याने म्हातारा बदलला नाही. का? इथे मला पहिला संशय आला. आणि तो खरा निघाला. छत्रीवाला कोणी घेतच नाही, म्हणून त्याच्याशी लढायचा सराव कोणाला नसतो. समोरचा गोंधळतो आणि मार खातो. हा साधेपणा नाही मंडळी, हा कावा आहे. आणि कावा म्हणून मला तो आवडतो. त्याला साधेपणा म्हणालात की माझं डोकं फिरतं.

आता वाशीच्या अंतिम सामन्याचं. समृद्धी, पाणी पी आणि वाच.

समोर प्रणित, आपल्या अध्यक्षांचा भाचा. त्याच्याकडे लोखंड्या, म्हणजे गेममधला सगळ्यात तगडा गडी. दोन-दोन डावांची बरोबरी. नियम असा, की जो डाव हरला त्याला पुढच्या डावात लढवय्या बदलायची मुभा. जिंकणाऱ्याला नाही. चौथा डाव शैलेश हरला होता, तेव्हा मुभा त्याची. आणि मला माहीत होतं तो काय घेणार. कारण उन्हाळाभर हा पोरगा ऑनलाईन येऊन मला जाळेवालीने बदडत होता. जाळेवाली लांबून जाळं टाकते, लोखंड्या जवळच येऊ शकत नाही. कोळ्याचं पोर आणि जाळं, मला तर हसू येत होतं.

मी बंदरात कंटेनरच्या सावलीला फोनवर सामना लाईव्ह बघत उभा. पडद्यावर शैलेशची निवडीची खूण सरकत सरकत जाळेवालीवर गेली. आणि हॉल ओरडला. "ए नाय नाय! छत्री! छत्री!" पाय आपटून ओरडला. खूण तिथेच थांबली. मग हळूहळू मागे आली. छत्रीवाल्यावर.

हरला. पार धुतला गेला.

आणि तुम्ही काय केलंत? त्याला खांद्यावर घेतलंत. जिंकलेला प्रणित बाजूला एकटा कप धरून उभा, आणि हरलेल्याची मिरवणूक! मी सोहारहून बघत होतो. हरलेल्याला इतकं कोण डोक्यावर घेतं? कशासाठी घेतं?

मी लगेच फोन लावला. "जाळेवाली का सोडलीस?"

"लोकं छत्री छत्री करत व्हती."

"लोकं खेळत व्हती का तू?"

"तू नव्हतास तिथं, प्रित्या. तोंडं बघायला पायजे व्हती त्यांची. आता बास. छत्रीवाल्याचं नाव खराब नाय करायचं मना."

"अरं, तो गेममधला म्हातारा हाय, आपला आजा नाय!"

त्याने फोन ठेवला. आठवड्यात पत्रिका आली.

आता अध्यक्ष महोदय, मी आरोप करत नाही, फक्त विचारतो. हैदराबादच्या देशपातळीच्या स्पर्धेला आपल्या भागातून एकच जागा आहे. वर्षभरातल्या सगळ्या स्पर्धांच्या गुणांवर ती शैलेशची. नाव द्यायची मुदत उद्या संध्याकाळी संपते. त्याने दिलं नाही, तर जागा प्रणितची. मग निरोप समारंभ आजच का? परवा का नाही? हॉल परवाही रिकामा आहे, मी वॉचमनकडून खात्री केली. शेठ, तुम्ही माणूस चांगला. वीज गेली तेव्हा घरचा इन्व्हर्टर पोरांच्या गेमिंग कॅफेत आणून लावलात, हे कोणी विसरलेलं नाही. पण आज का, एवढं सांगा.

आणि प्रणितचं सांगतो. सामन्यानंतर त्याचा मला मेसेज आला. "दादा, मला जाळेवालीशी खेळायचं होतं. आता कोणी मला जिंकला म्हणतच नाही." हा मेसेज मनापासून असेल, तर तो आत्ता उभा राहून हो म्हणेल. नसेल, तर बूट बघत बसेल. बघा तुम्हीच.

राहिला शैलेश. शैल्या, सगळ्यात जास्त संशय मला तुझाच आहे. जिंकलास की शैलेश जिंकतो, हरलास की बिचारा छत्रीवाला हरतो. ही सोय चांगली आहे. जाळेवाली घेऊन हरलास, तर तूच हरशील, आणि मग खांद्यावर कोण घेणार? त्या दिवशी खूण मागे आली ती लोकांच्या ओरडण्याने, का हे तुझ्या मनात आलं म्हणून? मला फोनवर सांगू नकोस. मला ऐकायचं नाही. तू हैदराबादला जा. तिथे कोणी तुला ओळखत नाही, कोणी छत्री छत्री करणार नाही. छत्रीवाला घे, जाळेवाली घे, पण तुला वाटतं म्हणून घे. आणि हरलास तर साधा हरून ये. आम्ही भांडू आणि जेवू.

एवढं बोलायला दिलंत, म्हणजे वाचायला दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आयोजकांचे आभार. समृद्धीचे जास्त आभार. सभेची रीत मला फार कळत नाही. शब्द वाकडा गेला असेल तर पोटात घाला, आणि शाल जरा घडीतच राहू द्या.

स्पर्धेची फी, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं आणि तिथलं दोन दिवसांचं राहणं, सगळं धरून मी आज सकाळी पैसे पाठवलेत. शैलेशला नाही, तो परत करील. मैना आत्याच्या खात्यावर. अकरा हजार सहाशे रुपये.