उज्वलाताईंचा नंबर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय निवृत्तीअण्णा, व्यासपीठावर बसलेले आमच्या पाइप आणि पाण्याच्या मोटारींच्या दुकानाचे मालक राकेशशेठ, सत्कारमूर्ती उज्वलाताई, समोर पहिल्या रांगेतले त्यांचे पती वाल्मीकराव, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

अण्णा आत्ताच म्हणाले की उज्वलाताईंनी मोठ्या मनाने आपला मोबाइल नंबरही दुकानाला देऊन टाकला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. या दानाबद्दल थोडं सांगावं म्हणते.

उज्वलाताई आमच्या बिलिंगच्या टेबलावर बसायच्या. संगणक दुकानाचा, बिलांचं सॉफ्टवेअर रोख पैसे देऊन घेतलेलं. इंटरनेट नसलं तरी चालायचं. मग एका सकाळी ते अडून बसलं. आधी ऑनलाइन खातं उघडा, मोबाइल नंबर द्या, रोज त्यावर येणारा कोड टाका, मगच बिल. आपल्याच दुकानाचं शटर उघडायला किल्ली परगावाहून मागवायची, याला काय म्हणावं?

शेठ म्हणाले, "माझा नंबर नको, दिवसभर मेसेज येतील. ताई, तुमचा टाका." ताईंनी टाकला.

वाल्मीकराव रेल्वेत होते, इगतपुरीला. अलीकडे त्यांना घर आठवत नाही, मुलगा आठवत नाही. पण बायकोचा नंबर तोंडपाठ. कुठेही भरकटले तरी समोरच्याला घडाघडा सांगायचे. कधी रिक्षावाल्याचा फोन यायचा, कधी पोळीभाजी केंद्रातून. ताई हातातलं बिल टाकून जायच्या आणि घेऊन यायच्या. त्यांच्यासाठीच ताईंनी नोकरी सोडायचं ठरवलं.

तर खात्यातला नंबर बदलायला हवा. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्रातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नवा नंबर म्हणजे नवं खातं, मॅडम. जुनी बिलं त्यात दिसणार नाहीत." शेठ म्हणाले, "मग सिमच इथे ठेवा ना. मी तुम्हाला नवा फोन देतो, नवं सिम देतो."

"अहो, पण यांचा फोन आला तर?"

"आम्ही काय मेलोय का, ताई? उचलू की!"

ताई शिल्लक रजेवर गेल्या. सिम एका जुन्या फोनात घालून दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याच आठवड्यात वाल्मीकराव घरातून निघाले आणि घोटीच्या बसमध्ये बसले. ताईंनी घाबरून दुकानात फोन केला. शेठ म्हणाले, "नाही हो, कुणाचा फोन नाही."

मी त्या दिवशी बँकेत होते. दुपारी परतले तर ड्रॉवरमधल्या फोनवर एकाच नंबरचे मिस्ड कॉल. शेठना विचारलं. म्हणाले, "सारखं वाजत होतं. गिऱ्हाईक खोळंबलेलं, कोड येईना. कट केला आणि सायलेंटवर टाकला."

मी फोन लावला. घोटीच्या स्टँडवर चहा विकणारी सरिता बोलली. "लय वेळा लावला बाई फोन. बाबा म्हणायचे, परत लाव, ती उचलती. मग म्हणाले, तिनं टाकलं मला. अन् निघून गेले पावसात. थांबवलं, पण ऐकत नाय."

संध्याकाळी हायवेच्या कडेला भिजून बसलेले सापडले. ताईंना बघून उठलेसुद्धा नाहीत.

त्यानंतर त्यांनी तो नंबर एकदाही सांगितला नाही. विचारलं की तोंड फिरवून बसतात. मी सिम काढून ताईंच्या घरी घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडेच. आता मला त्याचा काय उपयोग?"

अण्णा, तुम्ही म्हणालात ते मोठं मन हे.

शेठ, उद्या सकाळी कोड वेळेवर येईल, काळजी नसावी. शाल सुंदर निवडलीत, हॉलही छान. अध्यक्षांचे, मालकांचे आणि चहावाल्या सरिताचे मनापासून आभार. कुणाचं मन दुखावलं असेल तर सभागृहाने मला पदरात घ्यावं.

खरी माफी वाल्मीकरावांची मागायला हवी, शेठ. आत्ता मागून टाका. ते हसून मान डोलावतील. त्यांनी टाळ्याही वाजवल्या मघाशी. उज्वलाताईंनी आपल्याला टाकलं, तेवढं सोडून त्यांना काहीच आठवत नाही.