आप्पांचा पटका

माझा मित्र बिरा त्याच्या घरी एक कॅसेट लावतो, ती चालू असताना मध्ये बोलायचं नाही. का ते सांगतो, चहा घ्या तोवर.

आम्ही दोघं जतच्या मेंढपाळांवर फिल्म करत होतो. धुळीनं आमचा कॅमेरा एकदा बंद पडला, म्हणून सांगलीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडनं जुना कॅमेरा स्वस्तात जोडीला घेतला. तपासायला थेट बिराच्या घरी जतला नेला. रंग नीट बसवायला लेन्ससमोर पांढरं काहीतरी धरावं लागतं. बिरानं वडिलांच्या डोक्यावरचा पटका मागून घेतला आणि मग त्यांनाच समोर बसवलं.

आप्पा म्हणाले, "बोडक्या डोक्यानं नगं रं. पटका बांधू दे."

"आवं आप्पा, ऱ्हाऊ द्या. हे पुसायचंच हाय."

आप्पा तसेच मेंढरांबद्दल बोलले. लय चांगलं बोलले. मग पटका घेऊन आत गेले.

आठवड्यानं त्याच कॅसेटवर आम्ही मेंढरं घेतली. आप्पांचं खरं शूटिंग सुगीनंतर करायचं होतं. सुगीच्या आधीच आप्पा गेले.

दहावा झाल्यावर बिरानं कॅसेट पुढं पळवली. मेंढरं संपल्यावर पुसायचा राहिलेला एक तुकडा निघाला. आप्पा पटका बांधून दारातून बाहेर येतात, समोर नीट बसतात आणि विचारतात, "आता काढतोस न्हवं?"

त्यावर बिराचा आवाज येतो, "न्हाई आप्पा, झालं."

बिरा अजून ती कॅसेट लावतो. आप्पांनी विचारलं, की लगेच बंद करतो.