थेल्मा अजून बर्फाखालीच

नाही, आवडलं नाही म्हणा ना सरळ! लेनी, तुझं कॉमिक भिकार आहे, तू दुसरा काहीतरी धंदा बघ, असं कुणी तोंडावर म्हटलं तर मी त्याला घरी बोलावून जेवू घालीन, तुम्हाला सांगतो. पण तसं कुणी म्हणतच नाही हो. सगळ्यांना आवडतंय! पेट्रोल पंपावर गाठतात, चर्चच्या पायऱ्यांवर गाठतात… परवा दाढ काढायला गेलो, तर तो डेंटिस्ट माझ्या तोंडात पक्कड घालून म्हणतो, "लेनी, तुझी ती थेल्मा! काय बाई आहे! दुकानात उभ्या उभ्या वाचला मी पहिला अंक. झकास." मी म्हणतो, आँ आँ आँ, म्हणजे, घेतलास का? तर म्हणतो, "छे, सुटे अंक कोण गोळा करतो? पुस्तक येऊ दे, मग घेतो."

पुस्तक येऊ दे, मग घेतो. आता हे पुस्तक काय आभाळातून पडतं? महिन्याला एक असे सहा अंक निघायचे, ते खपले तर सगळे एकत्र बांधून जाडजूड पुस्तक निघायचं. अंक नाहीत तर पुस्तक नाही. गाईला चारा घालणार नाही म्हणायचं आणि लोण्याचा डबा घेऊन दारात उभं राहायचं, असा प्रकार आहे हा. आणि अंक खपणं म्हणजे कुणीतरी दुकानात जाऊन तो विकत घेणं, असं तुम्हाला वाटत असेल ना? मलाही वीस वर्षांपूर्वी तसंच वाटायचं. पण दुकानदार जेवढे मागवतो तेवढेच छापतात, आणि त्यानं मागवायचे कधी, तर अंक यायच्या तीन आठवडे आधी, सोमवारी, संध्याकाळच्या आत. उरलेले कुणी परत घेत नाही, म्हणून तो बापडा हात आखडून मागवतो. म्हणजे वाचकानं काय करायचं? जो अंक कुणी बघितलेलाच नाही तो आपल्यासाठी राखून ठेवायला दुकानदाराला आधी जाऊन सांगायचं. आणि परीक्षणं कधी येतात? अंक आल्यावर! वरातीमागून घोडं, आणि ते घोडं म्हणतंय, वा, काय वरात होती.

थेल्मा कोण, ते सांगायचं राहिलंच बघा. थेल्मा बासष्ट वर्षांची, ओढगाडी चालवते, बंद पडलेल्या गाड्या साखळीनं ओढून नेतात ना, ती. आमच्या टोलीडोकडे हिवाळ्यात ईरी तळं गोठलं की शहाणीसुरती माणसं आपापले ट्रक घेऊन बर्फावर मासे मारायला जातात, दरवर्षी दोनचार ट्रक आत जातात, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं नवा ट्रक घेऊन पुन्हा हजर. त्यांना थेल्मा ओढून काढते. पहिल्या अंकात ट्रक काढते, दुसऱ्या अंकात ट्रकला चिकटून आणखी काहीतरी वर येतं, तिसऱ्यात ते काहीतरी गावात शिरतं, आणि चौथ्याच्या शेवटच्या पानावर थेल्मा स्वतःच गाडीसकट बर्फाखाली जाते. संपला अंक.

आणि थेल्मा म्हणजे माझी आई. आयरीन. त्र्याऐंशी वर्षांची आहे. वडील गेल्यावर तिनं एकतीस वर्षं ओढगाडी चालवली, त्या ओढगाडीवर मी शिकलो, आणि शिकून काय झालो तर कॉमिक लिहिणारा. पण ती तक्रार करत नाही. दर अंक भिंग घेऊन वाचते आणि मला फोन करते, "लेनी, तिसऱ्या पानावर साखळी बंपरला लावलीय. बंपर हातात येईल रे. त्या चित्रवाल्या मुलीला सांग." तिला ही गोष्ट शेवटपर्यंत छापून दाखवायची, एवढंच माझ्या मनात होतं हो. बाकी मला कीर्ती नको, सिनेमा नको. बरं, सिनेमा आला तर नाही म्हणणार नाही.

तर चौथा अंक बुधवारी दुकानात आला आणि त्याच दुपारी आमच्या संपादिका प्रिसिलाबाईंचा फोन. फार गोड बाई. गळा कापतानाही आधी खालती रुमाल पसरतील. म्हणतात, "लेनी, पाचव्या अंकाची मागणी या सोमवारी बंद होते. चार हजारांच्या वर गेली तर पाचवा आणि सहावा दोन्ही काढू. नाहीतर चौथ्यावरच थांबावं लागेल. तू जरा लोकांना सांग ना."

सांग ना! मी दुसरं काय करतो? सकाळी उठलो की सांगतो, दुपारी सांगतो, गस हद्दादच्या कॉमिकच्या दुकानात टेबल टाकून बसलो आणि येईल त्याला सांगितलं. एक बाई तर रडायला लागली, "थेल्मा मरणार नाही ना?" मी म्हटलं, बाई, ते तुमच्या हातात आहे, पाचव्या अंकासाठी गसकडे नाव लिहा. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पुस्तक येऊ दे, मग घेते. महिना महिना थांबणं मला सोसत नाही."

आता उरली परीक्षणं. चांगलं परीक्षण आलं की ते सगळीकडे पाठवायचं, हा आमच्या धंद्यातला नेम. पण त्यात एक मेख आहे. परीक्षण लिहिणारी मंडळी गोष्टीवर सातशे शब्द लिहितात आणि शेवटी, "चित्रंही छान." चित्रं आमच्या इलोना फारकशची. तिचा मागच्या महिन्यात फोन. आवाज चढवत नाही ती, तेच वाईट. "लेनर्ड, तू एक परीक्षण पाठवलंस लोकांना. त्यात माझं नाव किती वेळा आहे?" मी म्हटलं, बघतो. "बघू नकोस. शून्य. तू काय लिहिलं होतंस त्या पानासाठी? 'सगळीकडे बर्फ.' दोन शब्द. ते दोन शब्द मी अकरा दिवस काढत होते, लेनर्ड." खरंच होतं ते. शपथ घेतली की ज्या परीक्षणात इलोनाचं नाव नाही ते पाठवायचं नाही. तेव्हापासून परीक्षण आलं की मी आधी तिचं नाव शोधतो. असलं की पाठवलं, नसलं की सोडलं. वाचायचं? अहो, लिहिणाऱ्यानं वाचत बसलं तर लिहायचं कधी?

शनिवारी आलं. ज्या माणसाचं सगळे ऐकतात त्याचं परीक्षण, पाचपैकी पाच तारे, आणि इलोनाचं नाव चार वेळा! चार! एकदा तर "अद्वितीय" च्या शेजारी! मी लगेच वर लिहिलं, "यातला शब्दन् शब्द खरा आहे. हा सांगतो तसं करा, आणि सोमवारच्या आत करा." आणि दिलं पाठवून. इंटरनेटवर माझं लिहिलेलं वाचणाऱ्या नऊ हजार माणसांना. रविवारी पुन्हा पाठवलं, न जाणो कुणाचं राहिलं असेल. प्रिसिलाबाईंना सांगून देशभरातल्या दुकानदारांनाही पाठवलं. कष्टाला मी कधी मागे हटत नाही.

सोमवारी दुपारी गसचा फोन. "लेनी, मित्रा, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, उत्तम, का रे? "नाही, पाचव्या अंकासाठी माझ्याकडे बावीस नावं होती. सकाळपासून चौदा जणांनी येऊन नावं काढली. म्हणतात, लेखकानंच सांगितलंय." मी म्हटलं, काय सांगितलंय लेखकानं? "तू ते परीक्षण वाचलंस का?" मी म्हटलं, चार वेळा नाव आहे! "शेवट वाचलास का?" मी म्हटलं, पाच तारे आहेत! मग त्यानं एकेक शब्द सुटा सुटा वाचून दाखवला. "ही गोष्ट तुकड्या तुकड्यांनी वाचणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. माझं ऐका, सुटे अंक घेऊ नका. पुस्तक येऊ दे, मग घ्या."

आता बोला! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण नऊ हजार लोकांना बोलावून, सोमवारच्या आत पाडा म्हणून सांगणारा मी पहिलाच. काढून टाकलं लगेच. नवीन लिहिलं, असं करू नका, कृपा करा, अंक घ्या. तर खाली लोक लिहितात, "हा हा, लेनीचा विनोद म्हणजे विनोद!" आयुष्यभर विनोदी लिहून एकदा खरं बोलायला गेलो, तर हे.

संध्याकाळी प्रिसिलाबाई. "लेनी, परीक्षण फार सुंदर होतं. आम्ही ऑफिसात भिंतीवर लावलंय." आणि पाचवा अंक? "नाही रे." मग निदान चार अंकांचं पुस्तक तरी? "अर्ध्या गोष्टीचं पुस्तक कोण घेईल, लेनी?" म्हणजे ज्याची सगळे वाट बघतायत ते पुस्तक, सगळे वाट बघतायत म्हणून निघणार नाही. इलोनाला कळवलं, तिनं आधी मागणीचा आकडा विचारला. मग म्हणाली, "पण चार वेळा होतं ना?" मी म्हटलं, हो. "बरं."

आणि आईला कोण सांगणार? पुढच्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो. टेबलावर चौथा अंक, त्यावर भिंग. बशीत कोबीचे रोल वाढता वाढता म्हणाली, "मग? वर येते का रे ती?" बंद झालं म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि सगळी गोष्टच बाहेर पडली. पाचवा अंक, सहावा अंक, सगळं. मिठाची बाटली म्हणजे ओढगाडी, टेबलक्लॉथ म्हणजे बर्फ. एकतीस वर्षांत थेल्मानं ज्यांना ज्यांना ओढून काढलं ती सगळी माणसं तळ्यावर येतात, आपापले ट्रक एकामागून एक साखळीनं जोडतात, किनाऱ्यापासून थेट त्या भगदाडापर्यंत, आणि ओढतात. आणि थेल्मा वर येते. सांगता सांगता मी रडलो हो. बावन्न वर्षांचा माणूस, मिठाची बाटली हातात धरून.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून मिठाची बाटली काढून जागेवर ठेवली.

"छान आहे," म्हणाली.

"खरंच आवडलं, आई?"

"झकास आहे. पण असं तोंडी मला काही कळत नाही बघ. साखळ्या कुठं कुठं अडकवल्या ते दिसायला नको?" आणि भिंग पुसून डब्यात घातलं. "पुस्तक येऊ दे, मग वाचते."

मी म्हटलं, बरं, आई.