पावती बँडच्या नावाने

पोलीस ठाणे बदनापूर, जि. जालना
दिनांक : ११ मार्च २००३

नाव : शिवाजी रघुनाथ खरात. वय : २२ वर्षे. शिक्षण : अकरावीतून सोडले. धंदा : नेट कॅफेत संगणकावर टायपिंग. राहणार : स्टेशन रोड, बदनापूर.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आईसोबत राहतो. आज सकाळी कॅफेसमोर बँड वाजला आणि रस्ता अडला, त्याबाबत माझ्याकडे विचारपूस झाली. जमादार साहेबांनी, "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही," असे सांगितल्याने हा जबाब मी माझ्या हाताने लिहीत आहे.

तातेराव हिवाळे हे माझे सख्खे मामा आहेत. ते अशोक ब्रास बँडचे मास्तर आहेत. हा बँड माझ्या आजोबांनी काढला व त्याचे नावही त्यांनीच ठेवले. ते नाव मोठ्या ढोलाच्या कातड्यावर रंगाने लिहिलेले आहे. दरवर्षी लग्नसराईच्या आधी ते नव्याने रंगवतात. ते काम सध्या माझ्याकडे आहे.

दोन वर्षांपासून औरंगाबादचा एक ठेकेदार आमच्या बँडला लग्ने देतो. त्याची इंटरनेटवर साइट आहे, त्यामुळे पुण्याकडचे लोकही त्यालाच विचारतात. लग्नात माणसे आमची आणि वाद्ये आमची असतात, परंतु टोप्या त्याच्या नावाच्या घालाव्या लागतात. ढोलावरचे नाव झाकण्यासाठी तो स्वतःच्या नावाचे कापड देतो. ते कापड मामा बांधत नाहीत. ते मला बांधायला सांगतात व तेवढा वेळ बाजूला जाऊन उभे राहतात.

म्हणून बँडची स्वतःची साइट असावी असे मी मामांना सुचवले. साइटची पाने मी रात्री कॅफे बंद झाल्यावर, मालकांची परवानगी घेऊन तयार केली. पाने तयार आहेत, परंतु त्यांना इंटरनेटवरचे नाव मिळालेले नाही. शेवटी डॉट कॉम असलेले नाव परदेशातील कोणीतरी आधीच घेतले आहे. दुसरे काही घ्यायचे तर परदेशी चालणारे कार्ड लागते, तसे कार्ड आमच्या ओळखीत कोणाकडे नाही. आपल्या देशाचे, म्हणजे शेवटी डॉट इन असलेले नाव मुंबईच्या एका कार्यालयातून मिळते व त्याचे पैसे बँकेच्या ड्राफ्टने भरता येतात. म्हणून मी तेथे अर्ज केला.

अर्ज तीन वेळा परत आला. पहिल्यांदा, असे नाव नोंदणी झालेल्या संस्थेलाच देतात, खाजगी माणसाला नाही, असे उत्तर आले. दुसऱ्यांदा मी बँडच्या नावाचा छापील कागद जोडला, तो चालला नाही. मग दुकानाच्या परवान्यासाठी मी आणि मामा ग्रामपंचायतीत गेलो. तेथील बाबू म्हणाले, "मास्तर, दुकान कुठंय तुमचं? तुम्ही तर रस्त्यावर वाजवता. रस्त्याचा परवाना देऊ का?" तेथे बसलेले लोक हसले. मामाही हसले. 

तिसऱ्या उत्तरात, हे नाव प्रत्यक्ष वापरात असल्याचा पुरावा द्यावा, असे लिहिले होते. ते मी मामांना वाचून दाखवले व नीट समजून घेण्यासाठी मंगळवारी सकाळी अकराला मुंबईला फोन लावणार आहे, असेही सांगितले. ही माझी चूक झाली असे आता वाटते. मामा फक्त, "बराबर हाय. पुरावा तर द्यावाच लागंल," एवढेच म्हणाले. ते काय करणार आहेत, याची मला बिलकुल कल्पना नव्हती.

आज सकाळी मी कॅफेतून फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. त्यांना अर्जाचा क्रमांक सांगत असतानाच बाहेर मामा आले. त्यांच्यासोबत बँडची सगळी माणसे लाल कोट घालून, वाद्ये घेऊन आली होती. ढोल कापडाशिवाय होता. मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "मामा, पुरावा कागदावर पाहिजे." मामा म्हणाले, "कागद काय वाजतो का रे? नाव वापरात हाय का न्हाई, त्यानला ऐकू दे. तू फोन बाहेर धर, जल्दी."

फोनची वायर दारापर्यंत पुरली. मी रिसीव्हर बाहेर धरला. मामांनी हात वर केला आणि वाजवणे सुरू झाले.

रिसीव्हर कानाला लावला तेव्हा बाईंनी विचारले, "हॅलो, तुमच्याकडे लग्न आहे का?" मी सांगितले, "नाही मॅडम, पुरावा आहे."

तोपर्यंत स्टेशनवरून गाडीचे लोक बाहेर आले होते, ते जागीच थांबले. कॅफेशेजारी रामराव काकांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. त्यांच्या दारात बियाण्याच्या गोण्यांचा टेम्पो उभा होता, तो गर्दीमुळे निघू शकला नाही. रामराव काका दुकानाच्या पायरीवर येऊन ओरडले, "ए तातेराव! वरात कोणाची ही? नवरदेव कुठंय?" मामा म्हणाले, "नवरदेव मुंबईला हाय, फोनवर." लोक मोठ्याने हसल्याने रामराव काकांना अधिक राग आला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तोही तालात वाजवू लागला. ते त्याने मुद्दाम केले किंवा कसे, हे मला सांगता येणार नाही.

मी मामांना थांबण्याची खूण करणार होतो. तेव्हा नवरी सासरी निघताना वाजवतात ती चाल सुरू होती. बाई फोनवर म्हणाल्या, "मध्येच थांबवू नका. ही पूर्ण होऊ द्या." वाजवणे लांबले त्याचे कारण हे आहे. 

चाल संपल्यावर बाईंनी सांगितले ते असे : "हे बघा, आवाज अर्जाला जोडता येत नाही. नियम सैल होतील असं आम्हीही ऐकतो, पण कधी ते मला माहीत नाही. तोवर एक करा. कुठल्याही सरकारी खात्यानं तुमच्या बँडच्या नावानं, पत्त्यासकट दिलेला एक कागद पाठवा. मी स्वतः अर्ज साहेबांपुढे ठेवते. मंजुरी त्यांच्या हातात आहे, पण ठेवते." मी त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन पाहतो तो पोलीस आलेले होते.

ठाण्यात आल्यावर जमादार साहेबांनी मामांना समज दिली व रस्ता अडवल्याबद्दल दंडाची पावती करण्यासाठी नाव विचारले. बाईंचे बोलणे मी मामांना वाटेत सांगितले होते. मामा म्हणाले, "साहेब, मी एकट्यानं वाजवलं असतं तर कोणी उभं राह्यलं असतं का? बँडनं वाजवलं. पावती बँडच्या नावानं फाडा. अशोक ब्रास बँड, स्टेशन रोड, बदनापूर."

जमादार साहेब म्हणाले, "मास्तर, इथं येणारा माणूस नाव गाळा म्हणून हात जोडतो. तुम्ही घाला म्हणून राह्यले?" मग त्यांना मी अर्जाची तीनही उत्तरे दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

रामराव काका तेथेच बाकावर बसलेले होते. ते म्हणाले, "साहेब, माझ्या तक्रारीत मी अशोक ब्रास बँडच लिहून दिलंय, तातेराव न्हाई. माझ्या लग्नात ह्याच्या बापानं वाजवलं, पोराच्या लग्नात ह्यानं. तक्रार मागं घेऊ म्हणत होतो, पर मंग ह्यांची पावती जाईल. राहू द्या तक्रार." मामा म्हणाले, "मागं घेऊ नका, दादा. उपकार व्हतील." रामराव काका म्हणाले, "उपकार बिपकार न्हाई. पुढच्या खेपेला टेम्पो आधी जाऊ दे, मंग वाजव."

तरी माझी विनंती आहे की, पावती बँडच्या नावाने, पूर्ण पत्त्यासह व शिक्क्यासह मिळावी. शिक्का नावावर येऊ नये, बाजूला यावा, म्हणजे नाव वाचता येईल. दंडाची रक्कम बँड देईल. फोनचे बिल माझ्या पगारातून जाईल, कॅफेच्या मालकांचा यात काही संबंध नाही. रस्ता पुन्हा अडवणार नाही, याची हमी मी व मामा दोघे देतो. पावती आजच्या टपालाने मुंबईला जाईल.

हा जबाब मी कोणाच्या दबावाशिवाय लिहिला आहे. तो जमादार साहेबांनी मामा व रामराव काका यांच्यासमोर मोठ्याने वाचला. त्यातील मजकूर मी सांगितल्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. मामांनी विनंती केल्यावरून त्यातील बँडचे नाव आणखी एकदा वाचून दाखवण्यात आले.

सही : शिवाजी रघुनाथ खरात