मागं कोण असतंय?

बसा, बसा. पुढं सरका. अहो खांबाजवळचे, तुम्हीसुद्धा! खांब पडत नाही, धरून बसायची गरज नाही. आणि ज्यांचे मोबाइल आहेत त्यांनी गप्प करा. मागच्या गुरुवारी नामस्मरणाच्या ऐन भरात कुणाच्या तरी खिशात कोंबडा आरवला! देवसुद्धा दचकला असेल.

तर मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारणार आहे. सोपा आहे. जो दिवा आपला आपल्याला कधीच दिसत नाही, तो दिवा लावायचा कशासाठी?

काय? काय म्हणालात काकू? देवासाठी? अहो, देवाला काय उजेडाची वाण आहे? सूर्य त्याच्या घरचा, चंद्र त्याच्या घरचा! देवापुढचा दिवा आपण लावतो, तो आपल्याला देव दिसावा म्हणून. तो आपल्याला दिसतो. मी विचारतोय, न दिसणारा दिवा. सुचत नाही ना? मग राहू द्या. माझं आख्यान सायकलच्या मागच्या दिव्याचं आहे.

हसलात! हसा. पेटीवाले गुंडोपंतही हसले. अहो गुंडोपंत, तुम्ही सूर धरा. हसायचं काम यांना दिलंय.

नदीकाठी एक पाणीपुरवठ्याचं पंपघर होतं. तिथं धोंडीराम शिंत्रे नावाचा माणूस पंप चालवायचा. सकाळी सातला बटण दाबायचं, संध्याकाळी सहाला बंद करायचं. सगळं गाव त्याच्या हातचं पाणी प्यायचं, पण त्याचं तोंड गावात कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसभर त्या पंपाची घरघर. बोलायला कोण? भिंतीवरची पाल! तो तिलाच विचारायचा, ‘काय गं, जेवलीस का?’ आणि घर सात किलोमीटरवर. घरी कुलूप. त्याची बायको हौसा, चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही.

ही हौसा दर मंगळवारी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून बाजाराला जायची. एका बाजूला पाय सोडून, पदर चाकात जाऊ नये म्हणून कमरेला खोचून. ती गेली, आणि कॅरिअर रिकामं झालं. धोंडीरामनं त्यावर पुन्हा काही ठेवलं नाही. डबासुद्धा नाही! डबा हँडलला. आणि सायकल चालवताना त्यानं मागं वळून बघणं सोडलं. का? मागं बघितलं की ते कॅरिअर दिसायचं. कळलं ना? चार वर्षं हा माणूस मान न वळवता रस्त्यानं जात होता.

दिवाळी झाली. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. पाटाकडेचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, दिवाबत्ती नाही. एका संध्याकाळी मागून ट्रॅक्टर आला — करकचून ब्रेक! ट्रॉली आडवी झाली, आमचा धोंडीराम उसात! ट्रॅक्टरवाला खाली उतरून ओरडला, ‘ए म्हाताऱ्या, मागं दिवा लाव की! दिसत न्हाईस तू!’

दिसत न्हाईस तू. मंडळी, चार वर्षं जे त्याला वाटत होतं, ते कुणीतरी तोंडावर सांगितलं. त्याला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो दस्तगीर मिस्त्रीच्या सायकल दुकानात गेला. दस्तगीर पंक्चर काढत होता. त्यानं मान वर न करता पाच-सहा दिवे पुढं टाकले. एक नुसताच लाल काचेचा तुकडा. ‘ह्यो दिवा न्हाई मामा, दुसऱ्याचा उजेड पडला तर चमकतो.’ — असली माणसंही असतात, दुसऱ्याच्या उजेडावर चमकणारी, नावं घेत नाही! — एक सात तऱ्हांनी लुकलुकणारा. ‘ह्यो वरातीला बरा. लुकलुकता दिवा दिसतो, पर कितीसा लांब हाय त्ये कळत न्हाई. आपल्याला एकसारखा जळणारा पायजे.’ शेवटी एक बोटभर लाल दिवा निवडला. मोबाइलच्या वायरवर चार्ज होणारा, पावसाला न भिणारा.

आता तो बसवायचा कुठं? दस्तगीरनं चाक फिरवता फिरवता विचारलं, ‘मामा, मागं कोण असतंय?’

आणि आमचा धोंडीराम काय म्हणाला? म्हणाला, ‘मागं कोण न्हाई बाबा. बायको हुती, ती गेली. पोरंबाळं न्हाईत. मी गेलो की इषय संपला.’

दस्तगीरचा हात थांबला. मग तो हळूच म्हणाला, ‘मामा... मी रस्त्याचं इचारत हुतो. मागनं ट्रॅक्टर असतोय का मोटार, ते.’

हसू नका! आता हसायचं नाही. ‘मागं’ शब्द एकच. एकानं रस्त्याचं विचारलं, दुसऱ्यानं आयुष्याचं सांगितलं. माणूस एकटा पडला ना, की त्याला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर तेच येतं.

दस्तगीर म्हणाला, ‘दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावू या. तिथं आडवं काय येत न्हाई.’ झालं! धोंडीराम चिडला. ‘कॅरिअरला हात लावायचा न्हाई! सीटखाली लाव.’ — ‘अहो, सीटखाली कापड लोंबतंय, पिशवी लोंबती, दिवा झाकतोय!’ — ‘झाकू दे. कोण बघतंय?’ गिऱ्हाईकच ते, दस्तगीर काय करणार? सीटखालच्या दांडीला पट्टी आवळली, दिवा सरळ केला. ‘आभाळाकडं बघणारा दिवा देवाला दिसतोय मामा, ट्रॅक्टरला न्हाई,’ एवढं मात्र बजावलं.

धोंडीराम रोज दिवा लावायचा. पण कसा? बटण दाबायचं म्हणून दाबायचं. म्हणायचा, मला थोडाच दिसतोय! माझ्या मागं आहे कोण?

मंडळी, जवळ या. त्याच्या मागं कोण होतं ते तुम्हाला सांगतो. धोंडीरामला सांगायचं नाही! तुमच्या-माझ्यात.

नदीकाठीच एक शिलाईचा कारखाना होता. तिथं रेखा मगदूम काज-बटणं करायची. पस्तिशीची बाई. तिला रातांधळेपणा. अंधार पडला की रस्ता कुठं संपतो आणि पाट कुठं सुरू होतो, ते दिसायचं नाही. घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर काय म्हणाले असते? ‘दिसत नाही ना? मग राहा घरी!’ तिची एक मैत्रीण बरोबर असायची, तिनं दिवाळीला काम सोडलं. मग रेखा सायकल हातात धरून, एका पायानं रस्त्याची कड चाचपत चालत यायची. आठ वाजायचे. रोज एक नवी थाप — आज चाकच पंक्चर झालं, आज साहेबांनी थांबवून घेतलं. किती दिवस चालणार हो?

आणि एका संध्याकाळी तिला पुढं एक लाल ठिपका दिसला. एकसारखा जळणारा. रस्ता दिसत नव्हता, ऊस दिसत नव्हता, पण ठिपका दिसत होता. ठिपका डावीकडं गेला, ती डावीकडं. ठिपका पुलावर चढला, ती पुलावर. साडेसहाला घरी! दुसऱ्या दिवशी ती कारखान्याच्या फाटकापाशी थांबली. पंपघरातून तो लाल दिवा निघाला की निघायची. परक्या बाप्याला हाक कशी मारायची? सोबत चला म्हणून सांगायचं कसं? गाव काय म्हणेल? म्हणून पाच-सहा घरांचं अंतर ठेवून, मुकाट्यानं मागं. असे दोन महिने. पुढं एक एकटा, मागं एक एकटी, मध्ये एक बोटभर दिवा. ज्याचा दिवा, त्यालाच पत्ता नाही!

बोला, एकदा देवाचं नाव घ्या! — आवाज कुठं गेला? प्रसादाला बरा मोठा असतो!

पौष महिना. थंडी कडाक्याची. धोंडीराम निघाला, दिवा लावला, रेखा मागं. पाटाच्या पुलावर गार वारा लागला, तशी त्यानं सायकल थांबवून पिशवीतली शाल काढली. चौकड्याची शाल. हौसाची. अंगावर घेतली, टोक मागं सोडलं, आणि सायकलवर बसला.

काय झालं? बोला ना! शालीचं टोक सीटवरून खाली आलं. दिवा झाकला. दिवा पेटलेलाच आहे हो! पण झाकला. धोंडीराम निवांत चाललाय.

आणि मागं रेखाच्या डोळ्यांपुढचा ठिपका गेला. ती घाबरली. हाक मारवेना. तिनं घंटी वाजवली. ट्रिंग! धोंडीरामला वाटलं, कुणाला पुढं जायचंय. तो डावीकडं झाला, हातानं ‘जावा, जावा’ केलं. अंधारात कुणाला दिसणार? ट्रिंग, ट्रिंग! तो अजून डावीकडं झाला. आणि मग — धाड्! सायकल पाटात पडल्याचा आवाज.

धोंडीराम थांबला. चार वर्षं त्यानं मागं बघितलं नव्हतं. त्याला जाता आलं असतं. पडलं असेल कुणीतरी, उठेल! आपण जातोच की असे. मी गेलोय. खोटं कशाला बोलू? पण त्याची मान वळली. कॅरिअर दिसलं. कॅरिअरच्या पलीकडं अंधार दिसला, आणि अंधारात कुणीतरी कण्हत होतं.

पाटाला तेव्हा पाण्याची पाळी नव्हती, नुसता चिखल होता, हे पाण्याच्या माणसाला ठाऊक. दोन दिवसांनी सुटणार होतं. तेव्हा पडलं असतं तर वाहूनच गेलं असतं! तो चिखलात उतरला. ‘कोण हाय?’

‘मी हाय मामा,’ अंधारातून आवाज आला. ‘हात गेला वाटतंय माझा. मामा, तुम्ही दिवा का इजवला?’

‘कुठला दिवा?’

‘तुमचा की! त्याच्याच मागनं येते न्हवं मी रोज. दिवाळीपास्नं. मला अंधारात दिसत न्हाई मामा.’

‘रोज?’

‘रोज. तुम्हाला ठावं न्हाई?’

मंडळी, त्याला रडू आलं. पन्नाशी उलटलेला बाप्या, चिखलात गुडघाभर उभा, आणि हुंदके देतोय. रेखालाच समजावायची पाळी आली, ‘अहो, हात माझा मोडलाय, तुम्ही का रडताय?’

तिला वर आणलं. डॉक्टर गावात, तीन किलोमीटर. बसवायचं कुठं? ते कॅरिअर! धोंडीराम क्षणभर घुटमळला. मग त्यानं अंगावरची शाल काढली, कॅरिअर पुसलं, शालीची घडी करून त्यावर अंथरली. ‘बस पोरी. पदर खोच, चाकात जाईल.’ आणि सायकल हातानं ढकलत चालू लागला.

सकाळी दस्तगीरनं दुकान उघडायच्या आत हा फळीवर बसलेला! ‘दिवा काढ तिथनं. कॅरिअरला लाव, पार मागच्या टोकाला.’ दस्तगीरनं दिवा सोडवला. पट्टी आवळली, दिवा सरळ केला, दहा पावलं मागं जाऊन बघितला. मग डोळे मिचकावून म्हणाला, ‘मामा, मागं कोण असतंय?’

धोंडीराम म्हणाला, ‘असतंय की एकजण.’

पण संपलं नाही. रेखाचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये. आता मागं खरोखर कुणी नव्हतं. तरी तो रोज दिवा चार्ज करायचा, चिखल पुसायचा, लावायचा. पाटाच्या पुलावर थांबून वळून बघायचा. अंधार. पुन्हा दुसऱ्या दिवशी. अंधारच. आधी एकटा होता तेव्हा त्याला सवय झाली होती. आता मागं असणारं माणूस नाही, हे त्याला रोज नव्यानं लागायचं. पालीला म्हणायचा, ‘यील गं. प्लास्टर निघायला पायजे आधी.’

आणि फाल्गुनात एका संध्याकाळी तो पुलावर आला, आणि मागून — ट्रिंग. एकदाच.

त्यानं वळून बघितलं नाही. गरज नव्हती. अंगठा उचलला आणि आपली घंटी वाजवली. ट्रिंग. एवढंच. तेव्हापासून त्यांचं ठरलं: पुलावर तिनं एकदा वाजवायची, म्हणजे मी आहे. त्यानं एकदा वाजवायची, म्हणजे मीही आहे. दुसरं बोलणं नाही. घरी गेल्यावर कुलूप तेच होतं हो. पण ते उघडताना आता कानात एक घंटी असायची.

आता माझा प्रश्न. न दिसणारा दिवा लावायचा कशासाठी? पुढचा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून. मागचा दिवा, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. ‘माझ्या मागं कोण आहे’ असं म्हणून तो विझवू नका. तुम्ही बघितलंयत का मागं? कधी बघितलंयत? मीही कीर्तन आटोपलं की एकटाच जातो. खोली, कुलूप, माठातलं पाणी. कितीदा वाटतं, मी थांबलो तर कुणाचं काय अडणार? मग मला ती पाटातली बाई आठवते, आणि मी वीणा पुसून ठेवतो.

गुंडोपंत, थांबा! आरती आत्ता नाही. तबक तिथंच राहू द्या. आधी सगळे उठा. बाहेर सायकली आहेत, मोटारसायकली आहेत. येताना बघितल्यात मी. निम्म्यांचे मागचे दिवे चिखलानं झाकलेत, दोघांचे फुटलेत, आणि सरपंचांच्या गाडीवर तर पोतं लोंबतंय! आपापल्या पंच्यानं दिवे पुसून या. देव थांबेल.

आणि आत येताना, मंडळी, एकदा मागं वळून बघा, कोण येतंय ते.