वहीतली काच

(रविवार. शर्यतीच्या ट्रॅकचं शेवटचं वळण. झेंडे दाखवणाऱ्या मार्शल लोकांची पत्र्याची शेड. समोर ट्रॅक, पलीकडे प्रेक्षकांचा स्टँड. शर्यतीला वीस मिनिटं आहेत.)

मुलगी : ...आणि तो माणूस शर्ट डोक्याला गुंडाळून कठड्यावर चढला होता, काका. चांगला पन्नाशीचा. कल्ले पिकलेले. शेजारी त्याची बायको, ती त्याचं पोट बडवत होती. तालात.

काका : इथे आम्हाला नुसता आवाज येतो. कोण काय बडवतंय ते दिसत नाही, हे एक बरं आहे.

मुलगी : मागच्या रांगेतून एकाने अर्धं सँडविच फेकलं. कोणावर, तर कोणावरच नाही. माणसं जांभई देतात तसं यांनी फेकायचं. पण जांभईला निदान तोंडावर हात धरतात.

काका : पण तू स्टँडमध्ये बसलीस कधी?

मुलगी : काल. सकाळी जे बसले ते संध्याकाळी उठले.

काका : काल? तू तर आज येणार होतीस.

मुलगी : तिकीट काढलं. बाबा तीस वर्षं या शेडमधून ज्यांच्याकडे बघत होते, ती माणसं जवळून कशी असतात ते बघावं म्हटलं. पुढच्या चौघांनी दिवसभर ट्रॅककडे पाठ करून एकमेकांचे व्हिडिओ काढले. गाडी भिंतीवर आदळली तेव्हा मात्र एकजात वळले.

काका : ड्रायव्हर वाचला, ते महत्त्वाचं. मनगटावर निभावलं.

मुलगी : तो वाचला म्हणून नाही ओरडले ते. आदळला म्हणून ओरडले.

काका : माहीत आहे गं. चहा घे. थर्मासचा आहे, पण गरम आहे.

मुलगी : ही बाबांची वही ना?

काका : या पोस्टची, म्हणजे आपल्या शेडची. पण त्याचीच म्हण, दुसरं कोणी हात लावत नव्हतं. रोज चार ओळी : वारा, ट्रॅक, गर्दी, आणि काय घडलं. जन्मभर शाळेची प्रयोगशाळा सांभाळली, त्याला इथेही प्रयोगवहीच लागायची. पेनाने लिहायचं आणि खाडाखोड करायची नाही. मी लेथवर काम केलेला माणूस, मला खडू बरा. पुसता येतो.

मुलगी : मागच्या वर्षीचा रविवार काढलाय मी. ‘वारा : नाही. ट्रॅक : कोरडा. गर्दी : नेहमीची. ट्रॅकवर काचेचा तुकडा, उचलला. शर्यत चार मिनिटं उशिरा.’ संपलं.

काका : तेवढंच लिहायचं असतं.

मुलगी : नेहमीची! पाच हजार माणसं ट्रॅकवरून चाललेल्या बाबांची पावलं मोजत होती, काका. एक, दोन, तीन, आणि मध्येच ‘कासव, कासव’. तो व्हिडिओ दोन लाख वेळा बघितला गेलाय, त्यातल्या निम्म्या वेळा मीच बघितला असेल. कोणीतरी बाबांच्या चालीवर गाणं जोडलंय. त्यांना तेव्हा चार पावलांवर धाप लागत होती. आम्हाला ते दोन महिन्यांनी डॉक्टरांकडून कळलं.

काका : मला त्याच दिवशी कळलं. परत आला तेव्हा ओठ निळे होते.

मुलगी : आणि बोलला नाहीत.

काका : ‘पोरीला सांगितलंस तर बघ’ म्हणाला. त्याचा आवाज चढत नसे, पण तेव्हा चढला.

निवेदक : नमस्कार, नमस्कार! मॅडम, आपणच ना त्यांच्या कन्या? मी निवेदक. लाउडस्पीकरवरचा आवाज माझाच.

मुलगी : ओळखला. काल दिवसभर ऐकला.

निवेदक : थँक्यू! तर असं आहे, शर्यतीच्या पाच मिनिटं आधी एक मिनिट मौन. मोठ्या पडद्यावर साहेबांचा फोटो, मी दोन भावपूर्ण ओळी बोलतो, मग कॅमेरा थेट आपल्यावर. आपण फक्त हो म्हणायचं. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय समिती ऐकत नाही हो.

मुलगी : हा भोंगा मला सकाळी गेटवर दिला. प्रत्येकाला देत होते.

निवेदक : प्रायोजकांची भेट! मस्त वाजतो.

मुलगी : आधी पाच हजार भोंगे वाटायचे आणि मग मौन पाळा म्हणायचं. ही कल्पना एकाच माणसाची आहे, की समिती बसली होती?

निवेदक : हा हा! मॅडम, आपली पब्लिक जरा उत्साही आहे, पण मनाने साफ आहे.

मुलगी : मन मला कुठे दिसलं नाही. घसे दिसले. काल गाडी आदळल्यावर तुम्ही काय म्हणालात आठवतंय? ‘आवाज येऊ द्या!’

निवेदक : वातावरण टिकवावं लागतं. माझं कामच आहे ते.

मुलगी : आणि मागच्या वर्षी माझे वडील ट्रॅकवरून चालत होते तेव्हा? व्हिडिओत तुमचाच आवाज आहे. ‘आजोबा, जरा गिअर बदला!’

निवेदक : गमतीत हो. चार मिनिटं खोळंबा झाला होता, लोक कंटाळले होते...

मुलगी : चार मिनिटांत कंटाळून ज्यांनी आजारी माणसाची पावलं मोजली, त्यांना आज तुम्ही साठ सेकंद गप्प बसवणार.

निवेदक : तीस करू. हवं तर वीस.

काका : भाजी घ्यायला आलास का रे?

निवेदक : काका, तुम्हीच समजवा यांना. मी पडदेवाल्यांना थांबवतो आणि पाच मिनिटांत परत येतो.

काका : ये, ये. पळ आता. ...गेला एकदाचा. सेंटचा वास तेवढा ठेवून गेला. पोरी, एक ऐकशील? हो म्हण.

मुलगी : तुम्हीसुद्धा?

काका : वीस तर वीस सेकंद. त्या लोकांनी तुझ्या बापासमोर एकदा तरी तोंड मिटायला हवं.

मुलगी : मिटणार नाहीत. फोटो दिसला की कोणीतरी ‘कासव’ म्हणेल, आणि मग सगळेच म्हणतील. जिवंत असताना बाबांना ते ऐकावं लागलं. आता पुन्हा नाही. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं, काका. एवढं आहे.

काका : माझ्यासाठी म्हण.

मुलगी : तुमच्यासाठी का?

काका : का म्हणजे... असंच.

मुलगी : काका, काच कोणी मुठीत आवळतं का?

काका : म्हणजे?

मुलगी : बाबा वाकतात, काहीतरी उचलतात आणि मूठ घट्ट मिटतात. हातात मोजा नाही. मग खिशात घालतात. मी दिवसभर लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. जे बसत नाही ते मला टोचत राहतं.

काका : व्हिडिओ लांबून काढलेला आहे.

मुलगी : त्यांच्या मार्शलच्या जॅकेटचा खिसा मी मागच्या आठवड्यात रिकामा केला. चहाचा कागदी कप होता. चुरगाळलेला.

काका : ठेवला होता त्याने?

मुलगी : दुधाच्या पातेल्यात थर्मामीटर घालणारा माणूस, काका. पाहुण्यांसमोरही कधी ‘छान झालंय जेवण’ असं खोटं बोलला नाही. त्यांनी कपाला काच का लिहिलं?

काका : काच मी सांगितली होती.

मुलगी : कोणाला?

काका : कंट्रोल रूमला, वॉकीटॉकीवर. ‘शेवटचं वळण, ट्रॅकवर काच आहे, शर्यत थांबवा.’ पोस्टवर दोघं असतात. एकाचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे, एकाचं वळणाच्या पुढे. पुढचं माझं. मला उन्हात काहीतरी चकाकलं, मला काचच वाटली. मोतीबिंदू आहे गं. दोन्ही डोळ्यांत. तेव्हाही होता. तुझा बाप निघाला चालत. अर्ध्या वाटेत त्याला कळलंच असणार की कप आहे. पायाने उडवला असता तरी चाललं असतं, पण मग सगळ्या जगाला कळलं असतं की शेवटच्या वळणावरच्या म्हाताऱ्याला कप आणि काच यातलं कळत नाही. तर हा वाकला. जपून, दोन बोटांनी, काच उचलावी तसा. आणि मूठ मिटून, ते बोंबलत असताना, होता तसाच सावकाश परत आला. मला म्हणाला, ‘काचच होती रे.’ आणि वही उघडली.

मुलगी : तुमची जागा राहावी म्हणून.

काका : बायको गेल्यापासून वर्षातले हे तीन दिवस आहेत मला. त्याला माहीत होतं. ‘यंदा डोळे करून घे’ म्हणाला. करतो म्हटलं. मग तोच अंथरुणाला खिळला. दवाखान्यात रोज जात होतो, पण डोळ्यांच्या मजल्यावर काही गेलो नाही.

मुलगी : म्हणून मौन हवंय तुम्हाला.

काका : ती बोंब माझ्या नावची होती. त्याच्या नावावर राहिली.

मुलगी : आणि काल?

काका : काल काय?

मुलगी : गाडी आदळली आणि मागून दोघं येत होते. त्यांना धोक्याचा पिवळा झेंडा दिसायला सहा सेकंद लागले. मी मोजले, आमच्या घरात सगळंच मोजतात. दुसरा ड्रायव्हर हातभर अंतराने वाचला.

काका : धूर होता ना. कंट्रोललाही तसंच कळवलंय. त्या हरामखोरांनी रंगीत धुराच्या कांड्या पेटवल्या होत्या, पुढचं काही दिसेचना.

मुलगी : मी त्यांच्या मध्येच बसले होते, काका.

काका : मग तू बघितलाच असशील धूर.

मुलगी : बघितला. गाडी आदळली, मग ते नाचले, मग त्यांनी कांड्या पेटवल्या. आनंद झाला म्हणून. त्याआधी एकही पेटलेली नव्हती.

काका : चहा गार होतोय तुझा.

मुलगी : त्यांच्याबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी मी विश्वास ठेवेन. कंट्रोलनेही ठेवला. ती माणसं आहेतच अशी की त्यांच्या अंगाला काहीही चिकटतं. पण हे त्यांचं नव्हतं.

काका : मला गाडी दिसली नाही. आवाज आला, पण कुठून ते कळेना. आज नीट करतो. आज नवा चष्मा आणलाय.

मुलगी : पुढच्या पोस्टवर आत्ता कोणता झेंडा आहे?

काका : हिरवा.

मुलगी : झेंडा नाहीये तिथे. तिथल्या मार्शल आहेत ना, त्या नर्सबाईंनी त्यांचं हिरवं जॅकेट कठड्यावर टाकलंय.

काका : तुझा बाप ना, मान वळवून माझी बाजूही बघून घ्यायचा. मला वाटायचं, मान अवघडली असेल. नवा जोडीदार आपल्या बाजूचंच बघतो. बरोबरच आहे त्याचं.

मुलगी : आज वीस गाड्या आहेत, काका.

काका : हो. ...दे ती वॉकीटॉकी. कंट्रोल, शेवटचं वळण बोलतोय. माझ्या जागी माणूस द्या. हो, आत्ताच. नर्सबाईंना पाठवा, त्या पक्क्या आहेत. त्यांच्या जागी राखीवमधला कोणी द्या. कारण? कारण मला दिसत नाही. डोळे. आणि कालच्या अहवालात धूर लिहिलाय, तो चूक आहे. धूर नंतर झाला. झेंड्याला उशीर माझ्यामुळे झाला. हो, लिहून घ्या. ...काय म्हणाले शेवटी? नीट ऐकू आलं नाही.

मुलगी : बदली उभी राहीपर्यंत शर्यत दहा मिनिटं पुढे.

काका : ऐकू येत होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

निवेदक : मॅडम, दहा मिनिटं उशीर! म्हणजे आपल्याला मौनाला वेळच वेळ. करू ना मग?

मुलगी : नाही.

निवेदक : अहो, फोटो चढवलाय.

मुलगी : उतरवा.

निवेदक : मग एवढा वेळ लोकांना सांगू काय? उशीर का झाला म्हणतील.

मुलगी : ‘मार्शल बदलताहेत.’ दोन शब्द. भावपूर्ण नकोत आणि गमतीचेही नकोत. मागच्या वर्षीचा तुमचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. तो समितीला अजून ऐकवलेला नाही.

निवेदक : बरं. दोनच शब्द. बरं.

काका : बापाचा नाही हा तुझा स्वभाव.

मुलगी : आईचा.

काका : सांगितलं बघ त्याने लाउडस्पीकरवर. ...हं, झाले सुरू.

मुलगी : भोंगे.

काका : यंदा बरोबर पत्त्यावर आलेत. चार मिनिटांना पावलं मोजली, दहा मिनिटांना काय मोजतील कोण जाणे.

मुलगी : आत बसा तुम्ही. नर्सबाई निघाल्यात, जॅकेट घालून येताहेत. सोमवारी आपण दोघं डोळ्यांच्या मजल्यावर जायचं. मी सुट्टी टाकलीये.

काका : कधी टाकलीस?

मुलगी : आत्ता.

काका : मग ती वहीतली काच तेवढी खोडून टाक. त्याच्या अक्षरात खोटं नको राहायला.

मुलगी : खाडाखोड करायची नाही, तुम्हीच म्हणालात. राहू दे. तेवढं एकच आहे त्यांचं.

काका : मग आजचं तरी लिही. रिकामं पान बघून चिडायचा. पेन दोरीला बांधलंय.

मुलगी : वारा?

काका : नाही. झेंडा धरला की हाताला कळतं.

मुलगी : ट्रॅक?

काका : तो तू बघ.

मुलगी : कोरडा. काय घडलं : ‘मार्शल बदलला, दृष्टी कमी. शर्यत दहा मिनिटं उशिरा.’ चालेल?

काका : चालेल. आणि गर्दी? लिही की सगळं. भोंगे, सँडविच, तो पोट बडवून घेणारा. अर्धं पान शिल्लक आहे.

मुलगी : नेहमीची.