पुरुषाचा डावा, बाईचा उजवा

चहा घे आधी, मग हस. माझ्या भावाचा, नामदेवचा, डावा हात कापडाच्या लूमच्या पट्ट्यात गेला. शाळेत शिपायाची जागा निघाली, पण अपंगाचा दाखला पाहिजे. मीच त्याला कचेरीत नेला.

कारकून म्हणाला, “डावा अंगठा उठवा.”

“तो असता तर इथं कशाला आलो असतो, साहेब?” मी म्हटलं.

“पुरुषाचा डावाच लागतो. उजवा बायकांचा.”

“मग लिहा त्याला बाई, आणि घ्या उजवा!”

शहाण्यानं तसंच लिहून उजवा घेतला. दाखला आला, त्यावर ‘श्रीमती नामदेव’!

हात न्हाय, हे एका दिवसात पटलं त्यांना. मिशी हाय, हे पटवायला तीन महिने खेटे घातले. तोवर शाळेत दोन हातांचा शिपाई लागला. घंटा मात्र तोही एकाच हातानं वाजवतो.